सदाशिवरावांची कांबळी

गौराबाई स्वयंपाकघरात पडल्या तेव्हा भिंतीपलीकडे सोळा बायका एका ठेक्यात उड्या मारत होत्या. उड्यांबद्दल त्यांच्या नवऱ्याची, गुरुरावांची, तक्रार नव्हती; मारावी माणसानं उडी, तब्येतीला चांगली. तक्रार होती ती त्या उड्यांना ठेका देणाऱ्या स्पीकरच्या काळ्या पेटीबद्दल. पेटी जेमतेम गुडघ्याएवढी, पण तिच्या पोटातून निघालेला धप् धप् आवाज कानाची वाट न बघता जमिनीतून थेट पायात चढायचा आणि पायातून पोटात. गौराबाईंच्या हातात साराचं पातेलं होतं. पातेलं एकीकडे पडलं, त्या दुसरीकडे पडल्या, म्हणून भाजल्या नाहीत.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की कानाच्या आत तोल सांभाळणारं जे काही असतं ते बिघडलंय. गोळ्या घ्या, मान झटकन वळवू नका आणि शांत जागी राहा. गोळ्या मिळत होत्या. मान गौराबाईंनी लग्नानंतर फारशी वळवलीच नव्हती, असं त्या स्वतःच म्हणायच्या. उरली ती शांत जागा. सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी पाच ते आठ शेजारी नाचाचा क्लास चालायचा, आणि तेवढा वेळ गौराबाई पलंगाची कड दोन्ही हातांनी धरून बसायच्या. आवाज थांबला की खोली फिरायची थांबते, म्हणायच्या.

मंजुनाथ हा त्यांचा एकुलता एक मुलगा. तो म्हैसुरातच जयलक्ष्मीपुरमला चौथ्या मजल्यावर राहायचा. त्याच्या खिडक्यांना दुहेरी काचा होत्या आणि त्या लावून घेतल्या की बाहेर लग्नाची वरात गेली तरी आत कळत नसे. आई पडल्यावर तो आला, आईला बघितलं, भिंतीला हात लावून बघितला आणि बापाला बाजूला घेऊन बोलला. दसऱ्यापर्यंत काय करायचं ते करा, म्हणाला, नाही जमलं तर तुम्ही दोघं माझ्याकडे या आणि हे घर विकून टाकू. बोलणं सरळ होतं, रागाचं नव्हतं, म्हणूनच गुरुरावांना उलटून काही बोलता येईना.

के. आर. मोहल्ल्यातलं ते घर दिसायला काही राजवाडा नव्हता. पुढं एक लांबट दालन, मागं दोन खोल्या, वर गच्ची. पण त्या लांबट दालनात गुरुरावांचे वडील सदाशिवराव यांनी तीस वर्षं लुगड्यांवर, चादरींवर ठसे उठवले होते. रंगाऱ्यांचं घर. मागच्या अंगणात मंजिष्ठेच्या लाल रंगाची कढई चढलेली असायची, आणि गच्चीवर वाळत घातलेल्या कापडांखालून लहानपणी गुरू पळायचा तेव्हा अंगावर लाल उजेड पडायचा. पुढं गिरण्यांचं छापील कापड आलं आणि ठशांच्या कामाला गिऱ्हाईक उरलं नाही. गुरुराव चित्रकलेचे मास्तर झाले, चौतीस वर्षं पोरांकडून केळं आणि पेरू काढून घेतले आणि निवृत्त झाले. ठसे उठवायचं बारा फुटी सागवानी टेबल मोडलं तेव्हा त्याच्या फळ्यांचा पलंग करून घेतला. गौराबाई कड धरून बसायच्या तो हाच पलंग. आता असं घर विकायचं म्हणजे काय विकायचं, हे दुहेरी काचांच्या खिडक्या असलेल्या माणसाला कसं समजवावं?

तर दसऱ्यापर्यंत दोन महिने होते, आणि गुरुरावांनी कंबर कसली.

पहिला उपाय त्यांनी फोनवर व्हिडिओ बघून शोधला. अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे भिंतीला चिकटवले की आवाज मरतो, असं एक दाढीवाला मोठ्या आत्मविश्वासानं सांगत होता. गुरुरावांनी कोपऱ्यावरच्या बेकरीतून ऐंशी ट्रे आणले आणि डिंक कालवला. पण मधल्या खोलीच्या त्याच भिंतीत देवाचा कोनाडा होता, आणि अंड्यांचे ट्रे देवाशेजारी लावायला गौराबाईंनी साफ नकार दिला. चक्कर परवडली, म्हणाल्या. मग कोनाड्याभोवती दोन-दोन हात जागा सोडून ट्रे लागले. संध्याकाळी पाच वाजता पेटी सुरू झाली, तसा धप् धप् आवाज पहिल्यासारखाच आला. फरक इतकाच, की एक-एक ट्रे सुटून खाली पडू लागला. गौराबाई आठवड्यात पहिल्यांदा हसल्या. गुरुराव हसले नाहीत.

दुसरा उपाय त्यांना घरातच सापडला. भाद्रपद सरत आला होता, नवरात्राच्या बाहुल्या काढायच्या दिवसांत गौराबाईंनी माळ्यावरची ट्रंक उतरवून घ्यायला सांगितली. म्हैसुरात नवरात्र म्हणजे बाहुल्यांची मांडणी, मग घर कानडी असो की मराठी. ट्रंक उघडली, कडुनिंबाच्या सुकल्या पाल्याचा वास आला, आणि गौराबाईंनी सहज विचारलं, की यंदा बाहुल्या इथं मांडायच्या की मंजूकडे? गुरुरावांचं लक्ष बाहुल्यांवर नव्हतंच. राजा, राणी, शेटजी, शेटाणी, सगळे ज्यात गुंडाळलेले होते ती जाड काळी कांबळी ते बघत होते.

ती सदाशिवरावांच्या टेबलावरची कांबळी होती, अकरा. ठसे उठवायच्या टेबलावर आधी गोणपाट अंथरतात, त्यावर कांबळ्यांचे थर ताणून बसवतात, त्यावर मादरपाटाचं जाड कापड, आणि त्यावर मग लुगडं. खाली मऊ असल्याशिवाय ठसा नीट उमटत नाही. तीस वर्षं वरच्या कापडातून झिरपलेला रंग त्या कांबळ्यांत उतरला होता. एकेक उलगडलं तसं त्यावर पुसट तांबडी फुलं दिसली. एकावर एक, शेकडो लुगड्यांची, कुठलं फूल कुठल्या लुगड्याचं ते कळू नये अशी. गुरुरावांनी त्यांतलं एक नाकाला लावलं. गौराबाईंनी तोंड फिरवलं. नवरा रडतोय हे बघायचं नाही, एवढी रीत त्या पाळायच्या.

एवढा जाडजूड ऐवज घरात असताना आपण अंड्यांचे ट्रे आणले, याचं गुरुरावांना हसू आलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. त्यांनी सुताराकडून लाकडी चौकटी करून घेतल्या आणि त्यांवर कांबळी बसवली. कशी बसवली, तर अप्पांनी, म्हणजे सदाशिवरावांनी, शिकवली तशी. सगळ्या बाजूंनी ताणून, खिळा मारून, पुन्हा ताणून, बोटानं टिचकी मारली तर टण् वाजावं इतकी घट्ट. कुठंही सळ राहता कामा नये. सळ राहिली की ठसा फाटतो, आणि ठसा फाटला की लुगडं वाया. रंगाऱ्याच्या पोराच्या हाताला दुसरं माहीतच नव्हतं. तीन दिवस खपून त्यांनी मधल्या खोलीची भिंत अशी मढवली, की सदाशिवराव असते तर पाठ थोपटली असती.

पाच वाजले. पेटी सुरू झाली. आणि भिंत बोलू लागली.

झालं असं, की कांबळं घट्ट ताणलं आणि मागं चौकटीची पोकळी ठेवली, की त्याचं टेबल होत नाही, त्याचा डफ होतो. पलीकडच्या प्रत्येक ठोक्याला सगळ्या चौकटी मिळून जबाब देऊ लागल्या. एरवी धप् यायचा, तिथं आता धब्ब येऊ लागला. गौराबाईंनी डोळे मिटले आणि पलंगाची कड धरली. गुरुराव खिळे उपसायचा पंजा घेऊन भिंतीला भिडले आणि आठ वाजेपर्यंत सगळ्या चौकटी काढून मोकळे झाले. मग त्या ढिगाशेजारी जमिनीवर बसले. दसऱ्याला तेरा दिवस उरले होते, आणि बहात्तराव्या वर्षी आपल्याला कांबळंसुद्धा लावता येत नाही असं त्यांना वाटलं.

तिथं बसल्या बसल्या त्यांना ते आठवलं. खरं तर विसरले कधीच नव्हते. घरातली ती लाडकी गोष्ट होती आणि सदाशिवराव ती मरेपर्यंत सांगत होते. फक्त ती आपल्या उपयोगाची असेल असं त्यांच्या मनात आलं नव्हतं.

एकोणीसशे एकोणसत्तर साल. भिंतीच्या या बाजूला रंगाऱ्यांचं घर आणि त्या बाजूला तिरुमलराव, युनिव्हर्सिटीतले कारकून. दोघांची घरं मराठी, पण एक ब्राह्मणाचं, एक रंगाऱ्याचं. दारात गप्पा व्हायच्या, चुलीपर्यंत जाणं नव्हतं. मधली भिंत मात्र एकच. सकाळी सहापासून सदाशिवरावांच्या दालनात तीन माणसं ठशावर मुठी मारायची, धप् धप्, आणि तो आवाज अख्ख्या गल्लीला इतका अंगवळणी पडला होता की अमावास्येला रंगाऱ्यांची सुट्टी असली, ठसे बंद राहिले, की बायका म्हणायच्या, आज अमावास्या वाटतं. पंचांग कुणी बघत नसे. त्या वर्षी तिरुमलरावांच्या घरी पहिली मुलगी झाली, तुंगा. त्यांची बायको वेदवती, वीस वर्षांची पोरगी, भिंतीलगतच्या खोलीत बाळंतीण. बाळ दर ठोक्याला दचकायचं. तिरुमलराव भिडस्त, रोज दारात यायचे, पाऊसपाण्याचं बोलायचे आणि निघून जायचे. शेवटी नळावर बायकांत ती गोष्ट निघाली आणि सदाशिवरावांच्या कानावर आली.

काम तर थांबवता येत नव्हतं, लग्नसराई तोंडावर होती. सदाशिवरावांनी आधी टेबलावर आणखी दोन कांबळी चढवून बघितली. टेबल फार मऊ झालं, ठसा बुडू लागला, फुलाच्या पाकळ्या दुहेरी उमटल्या. ते जमेना तेव्हा ते टेबलाखाली वाकून बसले आणि बराच वेळ पायांकडे बघत राहिले. मग म्हणाले, आवाज वरून जात नाही, पायांतून जातो. भिंतीचे कान बंद करून काय उपयोग, आवाजाचे पाय बांधायला हवेत. सहा पायांखाली सहा घमेली ठेवायची, घमेल्यात कावेरीची वाळू, वाळूवर कांबळ्याच्या घड्या, घडीवर फळी आणि फळीवर पाय. टेबल उचलायला सदाशिवराव, त्यांचे भाऊ येसाजीराव, दोन कारागीर आणि सतरा वर्षांचा गुरू. साधलं की नाही हे कळायचं कसं? सदाशिवराव नेहमी तळहातानं पारखायचे; कानाला फसवता येतं, तळहाताला नाही, हे त्यांचं रोजचं वाक्य. पण पलीकडे बाळंतिणीची खोली, तिथं परका पुरुष हात लावायला कसा जाणार? तेव्हा असं ठरलं, की वेदवतीनं भिंतीला कान लावायचा आणि ठोके ऐकू आले तर लाटण्यानं भिंतीवर दोनदा वाजवायचं.

पहिल्यांदा वाजलं, टक् टक्. टेबल उचललं, घड्या वाढवल्या. पुन्हा टक् टक्. तिसऱ्यांदाही टक् टक्, पण जरा उशिरानं. चौथ्यांदा उचलताना सदाशिवरावांच्या कमरेत लचक भरली, ते भिंतीला टेकून उभे राहिले, आणि येसाजीरावांनी ठसा मारला. एक, दोन, दहा, वीस. भिंत गप्प. पलीकडून काहीच वाजलं नाही. सदाशिवरावांनी तिथंच डोकं टेकून देवाचं नाव घेतलं. कंबर त्यांची पुढं जन्मभर दुखली, पण ती दुखली की ते कुरकुरायच्या ऐवजी ही गोष्ट सांगायचे. बारा फुटी टेबल, तीन माणसांच्या मुठी, आणि वेदवतीच्या बाळाला पत्ता नाही.

आता त्या घरात तिरुमलराव नव्हते. वेदवती होत्या, पंचाहत्तरीला आलेल्या, गल्लीच्या वेदक्का. आणि त्यांच्याकडे राहणारा तुंगाचा मुलगा चिदंबर, ज्याची नंजनगूडच्या कारखान्यातली नोकरी सुटली होती आणि ज्यानं आजीच्या पुढच्या दालनात नाचाचा क्लास काढला होता. पेटी त्याचीच. गुरुरावांनी वर्षभरापूर्वी त्याच्याशी एक अक्षर न बोलता थेट पोलिसांत अर्ज दिला होता. चिदंबरला बोलावणं गेलं, तो चार लोकांत खाली मान घालून उभा राहिला, आठवडाभर आवाज कमी झाला आणि मग दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं. वेदक्कांकडून दर महिन्याला चटणीपुडीचा डबा यायचा, तोही बंद. गुरुरावांना आवाजापेक्षा त्या डब्याचं जास्त लागलं होतं, पण हे त्यांनी गौराबाईंनाही सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी कांबळी चौकटींवरून सोडवली, खांद्यावर टाकली आणि शेजारच्या दारात जाऊन उभे राहिले. आपलेच दात आणि आपलेच ओठ, लाजून कुणाला सांगायचं? चिदंबरनं दार उघडलं. त्याचा चेहरा बघून गुरुराव पाठ केलेलं सगळं विसरले. ते एवढंच म्हणाले, की माझी बायको पडली, तुझी पेटी मला उचलून बघू दे.

चिदंबरनं त्यांच्या खांद्यावरच्या कांबळ्यांकडे बघितलं. मग म्हणाला, “मामा, पोलिसांकडं गेलात तेव्हा फार बेजार झालं मला. एकदा येऊन सांगायचं की नाही, अल्वा? मामी पडल्या हे मला कोण सांगणार?”

“चुकलं माझं,” गुरुराव म्हणाले. मास्तरकीच्या चौतीस वर्षांत हे दोन शब्द त्यांनी कुणाला म्हटले नव्हते. म्हटल्यावर कळलं, की फारसे जड नाहीत.

मग काय, कामाला हात लागले. चिदंबर पोरगा कामसू होता. त्यानं बांधकामाच्या जागेवरून वाळू आणली, गुरुरावांनी मोठ्या लाकडी खोक्यात ती पसरली, तिच्यावर कांबळ्यांच्या घड्या रचल्या. या वेळी ताणल्या नाहीत. ढिल्या ठेवल्या, सळ पडू दिली. हात आपसूक सळ काढायला जायचा, तो मागं घ्यावा लागला. अकराही कांबळी लागली. वर फळी, फळीवर पेटी, आणि सगळं भिंतीपासून चार हात लांब सरकवलं. वेदक्का अंगणाच्या पायरीवर बसून सुपारी कातरत बघत होत्या. मधेच त्यांनी कॉफी पाठवली, ती वर्षभरानं.

पाचला बायका जमल्या. जुनीच लाटण्याची खूण ठेवू, असं वेदक्कांना सांगून गुरुराव घरी गेले आणि गौराबाईंनाही सांगून आले. पलंग भिंतीलाच होता. तिथं बसायचं, कान लावायचा आणि ऐकू आलं तर लाटण्यानं दोनदा वाजवायचं. गौराबाईंनी ती गोष्ट सासऱ्यांच्या तोंडून शंभरदा ऐकलेली होती. त्यांनी हसून लाटणं मागून घेतलं आणि मांडीवर ठेवलं. नाही वाजलं तर बाहुल्या इथंच मांडायच्या ना, असंही विचारून घेतलं. इथंच, गुरुराव म्हणाले.

ते परत येऊन भिंतीशी उभे राहिले. चिदंबरनं गाणं लावलं. सोळा बायकांनी हात वर केले. पेटी आपल्या कांबळ्यांवर बसून घुमू लागली, आणि गुरुरावांना पायाखालची जमीन पहिल्यांदाच निवांत लागली. एक मिनिट गेलं, दोन गेली. गाणं वाढलं, बायका उड्या मारू लागल्या, चिदंबर नाचता नाचता त्यांच्याकडे बघत होता. भिंत गप्प. सगळं गाणं संपलं, दुसरं सुरू झालं, तरी भिंत गप्प. गुरुरावांनी अप्पांसारखंच भिंतीला डोकं टेकलं. पंचावन्न वर्षांपूर्वीच्या माणसाच्या शेजारी उभं असल्यासारखं त्यांना झालं. घर वाचलं होतं.

बाहेर पडताना त्यांनी पायरीवर वेदक्कांना वाकून नमस्कार केला. त्यांनी विचारलं, गौरानं वाजवलं का? नाही वाजवलं, गुरुराव म्हणाले, आणि आवाजातला आनंद त्यांना लपवता आला नाही. वेदक्कांनी अडकित्ता खाली ठेवला.

“गुरू, मीही नव्हतं वाजवलं,” त्या म्हणाल्या.

“म्हणूनच तर, अक्का.”

“तसं नव्हे रे. ऐकू येत होतं मला. चौथ्यांदाही येत होतं, स्वल्प कमी, पण येत होतं. तिसऱ्यांदा वाजवल्यावर टेबल उचलताना तुझे अप्पा कण्हले, ते भिंतीतून ऐकलं मी. म्हटलं, किती वेळ हा माणूस टेबल उचलणार माझ्यापायी? सुम्ने, गुपचूप, लाटणं खाली ठेवलं. तुंगाला काय, महिन्याभरात सवय झाली. पुढं तर अमावास्येला झोपायचीच नाही, ठसे नसले की रडायची.” त्या हसल्या, आणि मग गुरुरावांचा चेहरा बघून हसायच्या थांबल्या. “तुझ्या अप्पांना सांगितलं नाही कधी. आता तुला सांगितलं.”

अप्पा सत्त्याऐंशी साली गेले. जायच्या आदल्या महिन्यातही त्यांनी मंजूला ती गोष्ट सांगितली होती. गुरुरावांना राग यायला हवा होता, तो आला नाही. उलट त्या वीस वर्षांच्या बाळंतिणीबद्दल, जिनं भिंतीपलीकडच्या परक्या माणसाची कंबर आपल्या झोपेपेक्षा मोठी मानली, त्यांचं मन भरून आलं. त्यांनी वेदक्कांच्या पायाला पुन्हा हात लावला. आणि मग दोन दारांमधल्या त्या दहा पावलांत त्यांच्या मनात दुसरी गोष्ट आली.

मधल्या खोलीत दिवा लागलेला होता. पलीकडे क्लास चालूच होता. गौराबाई पलंगावर बसल्या होत्या, मांडीवर लाटणं. त्यांनी हसून बघितलं, म्हणाल्या, “काही म्हणजे काही ऐकू येत नाही हो. छान झालं. आता कुठं जायला नको.”

कानाला खरंच काही येत नव्हतं. बायकांचं हसणं तेवढं लांबून यायचं. गुरुराव तिच्याशेजारी बसले आणि सहज टेकल्यासारखं करून तळहात भिंतीवर ठेवला. ठोका होता. अगदी हलका, मऊ, दालनाच्या दुसऱ्या टोकाला अप्पा एकटेच ठसा मारत बसलेत इतकाच. पण होता, एकामागून एक, न चुकता. तसाच क्षणभर हात ठेवावासा वाटला त्यांना. त्या एका क्षणात कढई, गच्ची, लाल उजेड सगळं येऊन गेलं. मग त्यांनी गौराबाईंच्या हाताकडे बघितलं. डावा हात लाटण्यावर होता. उजव्यानं पलंगाची सागवानी कड धरलेली होती, बोटांची पेरं पांढरी पडेपर्यंत.

चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात या बाईनं आणखी कितीदा वाजवलं नसेल, असं त्यांच्या मनात आलं. विचारायची सोय नव्हती. विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती.

“गौरा, उद्या मंजूला बोलावू या,” ते म्हणाले. “बाहुल्या यंदा त्याच्याकडे मांडू.”

“का? शांत झालंय की आता.”

“झालंय ना. शांत झालंय, शेजाराशी बोलणं झालंय, आता जाऊ या. भांडण चालू असताना गेलो असतो तर पळून गेल्यासारखं झालं असतं.”

गौराबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. मग खोटं बोलायचं आता काही कारण उरलं नाही अशा रीतीनं त्यांचा उजवा खांदा खाली आला, आणि पलंगाची कड सोडून त्यांनी नवऱ्याचं मनगट धरलं. तेवढ्याच जोरानं. कांबळ्यांचं काय, त्यांनी विचारलं, आणायची ना? तिथंच राहू देत, गुरुराव म्हणाले, कामावर लागलीत. बाहुल्यांना जुनी लुगडी गुंडाळू.

आठ वाजता क्लास सुटला, बायका गल्लीतून बोलत बोलत गेल्या. गुरुरावांनी तिच्या मांडीवरचं लाटणं उचललं. पलीकडे वेदक्का आता भिंतीलगतच्या खोलीत आल्या असतील, दोनदा वाजवलं तर ऐकतील, असं त्यांना वाटून गेलं. पण त्यांनी भिंतीला हात लावला नाही. स्वयंपाकघरात जाऊन लाटणं पोळपाटाजवळ ठेवलं, आणि रात्रीचं सार गरम करायला घेतलं.